पहिली ओळ

हे बघ, मायना शोधत बसायला मला वेळ नाही. ‘प्रिय’ लिहिलं तर तू हसशील, आणि तुझं हसणं मला कधीच परवडलं नाही. तू जन्मभर मला ‘बाई, तुम्ही’ म्हणालीस आणि मी तुला ‘तू’. वयाने खरं तर तू दोन वर्षांनी मोठी. तू गेलीस त्याला वर्ष झालं. आता चर्चच्या पायऱ्यांवर लोक तुझ्याबद्दल ‘भाबडी होती बिचारी’ म्हणतात, आणि ते ऐकून माझं डोकं उठतं. तू आणि भाबडी. तुझ्या तोंडाला लागायची कोणाची छाती होती? म्हणून लिहायला बसले. पण तुझ्याकडे बघून तुझीच गोष्ट सांगू लागले तर मी मध्ये मध्ये सारवासारव करीन. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. त्यापेक्षा तिऱ्हाइतासारखी सांगते. तू ‘विणकरीण’ आणि मी ‘ऑर्गनवाली’. माझ्यामागे तू मला तेच म्हणायचीस. मला कळत नव्हतं असं समजू नकोस.

तर विणकरीण सतराव्या वर्षी कापडाच्या कारखान्यात लागली. माग खात्यात. एका छपराखाली दीडशे माग, आणि प्रत्येक मागावर धोटा जन्माचं वैर असल्यासारखा इकडून तिकडे आपटत असायचा. तिथे कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जात नसे, म्हणून बायका आवाज काढायच्या भानगडीतच पडत नसत. नुसते ओठ हलवायचे, जरा ताणून, आणि समोरचीने वाचायचं. पंधरा माग पलीकडे उभ्या असलेल्या मैत्रिणीशी सुनेच्या कागाळ्यांपासून मुकादमाच्या टोपापर्यंत सगळ्या गप्पा व्हायच्या, आणि मुकादम मधून चालत गेला तरी त्याला सुगावा लागत नसे. विणकरीण वर्षभरात त्यात तरबेज झाली. ताण्यातला एखादा धागा तुटला तर तिच्या डोळ्यांआधी तळपायांना कळे, कारण मागाचा ठेका फरशीतून बदलायचा.

वस्तीतलं चर्च तेव्हा पत्र्याची शेड होती. तीसेक माणसं, वाद्य नाही, गाण्याची पुस्तकं सगळ्यांत मिळून चार. तिथे झालेल्या अगदी पहिल्या मिस्सेला, म्हणजे रविवारच्या उपासनेला, प्रवेशगीत कोणी सुरू करायचं यावरून सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले. माणसं देवासमोर लाजतात तेवढी सासऱ्यासमोरही लाजत नाहीत. म्हातारे फादर वेदीपाशी येऊन ताटकळले, तेव्हा तिसऱ्या बाकावरून विणकरणीने गाणं उचललं: ‘आलो सारे एका वाटेने तुझ्या उंबऱ्याशी.’ आवाज गोड आहे असं कोणी म्हटलं नाही, आणि नव्हताच. आवाज रुंद होता. ओढ्यावर टाकलेल्या फळीवरून जावं तशी तीस माणसं त्यावरून पलीकडे गेली. मिस्सेनंतर म्हाताऱ्या फादरांनी तिला एवढंच सांगितलं, की गाणं उचललंस तर लोक नीट चढेपर्यंत हात काढायचा नाही, मध्ये काहीही होवो. एकोणीस वर्षांच्या पोरीने ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं. पुढची पंचवीस वर्षं दर रविवारी पहिली ओळ तिची.

लग्न तिने केलं नाही. भाऊ आणि वहिनी एकाच आठवड्यात तापाने गेले आणि दीड वर्षाची भाची तिच्या पदरात पडली. त्यानंतर कोणी लग्नाचं काढलं तर ती विचारायची, पोरीला कुठे ठेवू, धोट्यात? एका खोलीत दोघी राहायच्या. खाट, स्टोव्ह, पाण्याची टाकी आणि भिंतीवर क्रूस, एवढीच मांडणी. भाचीला गाणं तिनेच शिकवलं, खाटेच्या पाटीवर ठेका धरून. पोरीचा गळा आत्यासारखा नव्हता. बारीक, स्वच्छ, वर वर जाणारा.

चाळिशी आली आणि कान जायला लागले. माग खात्यातल्या सगळ्याच बायकांचे जायचे, त्यात नवल काही नव्हतं. आधी उंच आवाज गेले. चिमण्या गेल्या, किटलीची शिट्टी गेली, आणि मग भाचीचं गाणं गेलं. ज्या वर्षी भाचीचा आवाज उमलला त्या वर्षी तो विणकरणीला ऐकू येईनासा झाला. तिने तो भाचीच्या गळ्यावरच्या शिरांवरून पाहिला आणि शेजारणींना सांगितलं की पोरगी छान गाते. दाराची कडी वाजलेली कळावी म्हणून तिने कडीला दोरी बांधून तिचं दुसरं टोक खाटेशी नेलं आणि त्याला घंटीऐवजी एक लाल चिंधी लावली. चिंधी हलली की कोणी आलं.

शेडचं पक्कं चर्च झालं. ऑर्गन आला, आणि त्याच्याबरोबर ऑर्गनवाली आली: कॉलेज केलेली, शाळेत भूगोल शिकवणारी, बोटांत कसब असलेली आणि अंगात धीर नसलेली. गायनमंडळ निघालं. त्याचा प्रमुख औषधाच्या दुकानाचा मालक. काउंटरवर गोळ्या मोजून द्यायचा तसे सूर मोजून घ्यायचा. आता ऑर्गन सुरुवात करायचा, त्यामुळे पहिली ओळ उचलायला कोणी लागेना. विणकरणीला हे कोणी सांगितलं नाही. एका रविवारी तिच्या आधी ऑर्गन निघाला, दुसऱ्या रविवारीही निघाला, आणि तिसऱ्या रविवारी ती समजली.

पण गाणं तिने सोडलं नाही. तिसऱ्या बाकावर उभी राहून मंडळातल्यांचे ओठ बघायची आणि गायची. ओठ बघून गायचं म्हणजे शब्द बाहेर पडल्यावर गायचं. म्हणजे सगळ्यांची ओळ संपली की तिचा शेवटचा अर्धा शब्द एकटाच भिंतीवर जाऊन आपटायचा. स्वतःचा आवाज कानी येत नसल्यामुळे तो वर्षागणिक चढत गेला. मंडळात तिला ‘भोंगा’ नाव पडलं, कारखान्याच्या भोंग्यावरून. तिला कळणार नाही अशी सगळ्यांची खात्री. ‘भ’ म्हणताना ओठ मिटावेच लागतात. ती तो शब्द चर्चच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचू शकत होती. एकदा पाण्याच्या टाकीपाशी वीस पावलांवरून एका बाईने तो दुसरीच्या कानात सांगितला, तेव्हा विणकरणीने इकडून उत्तर दिलं, की भोंगा वाजला म्हणून तर तुझा नवरा कामावर जायचा, नाहीतर होताच तो तुझ्या पदराला. ही तुमची भाबडी बिचारी.

चर्चला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. बिशप मिस्सेला येणार, सगळी वस्ती लोटणार. औषधवाल्याने सरावाच्या खोलीत फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘एक चर्च, एक आवाज.’ मंडळानेच नाही, आख्ख्या चर्चने एका सुरात गायचं आणि बिशपांनी ऐकत राहायचं, असा त्याचा बेत. तयारीच्या बैठकीत विणकरीण उठली आणि म्हणाली, पहिली ओळ मी उचलते. एकच. पहिल्या दिवशी मीच उचलली होती. पुढचं सगळं तुमचं.

नवे फादर तरुण होते आणि त्यांना कोणालाही नाही म्हणता येत नसे; त्या एका गुणामुळे त्यांनी पुष्कळांचं नुकसान केलं. ते म्हणाले की सरावाला बघू. पहिली ओळ औषधवाल्याने आधीच मनातल्या मनात एकीला देऊन टाकली होती. ती एक म्हणजे भाची. तेहतीस वर्षांची, दोन मुलांची आई, मंडळातला सगळ्यात वरचा आवाज.

आता ऑर्गनवालीचं सांगायला हवं. बैठकीनंतर विणकरणीने तिला दाराशी गाठलं आणि विचारलं, बाई, बहिऱ्याला सूर शिकवता येतो का? ऑर्गनवालीला असले प्रश्न आवडायचे. शाळेला सुट्टी होती, दुपारी चर्च रिकामं असायचं. चला बघू, म्हणाली. दयेपोटी नव्हे. जमतं का ते बघण्याची खुमखुमी.

नऊ दुपारी दोघी बसल्या. ऑर्गनवाली डाव्या पायाने खालचा जाड सूर धरून ठेवायची. विणकरीण एक तळवा ऑर्गनच्या लाकडाला लावायची आणि दुसऱ्या हाताची बोटं स्वतःच्या गळ्याखालच्या हाडावर ठेवून आवाज काढायची. लाकडात एक थरथर, हाडात दुसरी. दोन्ही जुळल्या नाहीत की मध्ये एक तिसरीच धडधड जाणवायची, नादुरुस्त मागासारखी. ती म्हणायची, धोटा अडखळतोय. मग आवाज खाली-वर सरकवत राहायची, ती धडधड थांबेपर्यंत. पहिल्या दुपारी घामाघूम झाली आणि काही साधलं नाही. ऑर्गनवाली चिडली, वही आपटली. विणकरणीने वहीच्या आपटण्याचा धक्का लाकडातून ओळखला आणि हसली. चौथ्या दुपारी सूर लागला. सहाव्या दुपारी सूर घेऊन, लाकडावरचा हात काढून, तोंड मिटून गुणगुणत ती आठ पावलं चालत खांबापर्यंत गेली, आणि तिथून ओळ उचलली. बरोबर. ‘एका’वरची उडीसुद्धा बरोबर. नवव्या दुपारी तिने ती सात वेळा म्हटली आणि सातही वेळा ऑर्गनवालीला खोट काढायला जागा सापडली नाही.

हे दोघींशिवाय कोणाला माहीत नव्हतं. विणकरणीला तसंच हवं होतं. एकदम दाखवते, म्हणाली. भाचीचं तोंड बघायचंय मला.

सरावाच्या आदल्या दिवशी औषधवाला ऑर्गनवालीकडे आला. बरोबर भाची. त्याचं म्हणणं असं, की फादर नाही म्हणणार नाहीत, मावशी ऐकणार नाहीत, आणि बिशपांसमोर भोंगा वाजला की वर्षभराची मेहनत मातीत. त्यांना बोलून पटायचं नाही, कारण आपण कशा गातो हे त्यांना ऐकूच येत नाही. तेव्हा फादरांनाच एकदा स्वच्छ ऐकू द्यावं. सरावाला त्या पहिली ओळ उचलतील, पुढे आपण सगळ्यांनी फक्त ओठ हलवायचे. आवाज काढायचा नाही. बाईंनी ऑर्गनचं बटण बंद करून नुसती बोटं चालवायची. कोणी त्यांना उणा शब्द बोलायचा नाही. त्यांचा त्यांचाच आवाज फादरांच्या कानावर पडेल, बस.

भाची म्हणाली, ‘आत्याला कळायचंही नाही. म्हणजे वाईट वाटायचा प्रश्नच नाही.’

ऑर्गनवालीने तिथे म्हणायला हवं होतं, की पहिली ओळ तिला येते, मी शिकवली आहे. पण मग मंडळाच्या पाठीमागे नऊ दुपारी काय चाललं होतं याचा जाब द्यावा लागला असता. शिवाय आठ पानांचं प्रवेशगीत, बिशप. आणि खरं सांगायचं तर ओळ आली तरी पुढचं गाणं होतंच, आणि पुढच्या गाण्यात भोंगा वाजणार होताच. तिने मान हलवली. विचार करायला तिने जितका वेळ घेतला तितक्यात लोक डास मारतात.

सराव दुपारी चारला. उन्हाळ्याचे दिवस, खिडक्या उघड्या, वह्यांची पानं उडतात म्हणून पंखे बंद. मंडळाचे बावीस जण वेदीच्या उजवीकडे तीन रांगांत. फादर मागे दाराजवळ, कठड्याला टेकून. विणकरीण धुतलेली करडी साडी नेसून आली होती. ऑर्गनशी गेली, लाकडाला तळवा लावला. ऑर्गनवालीने सूर दिला. विणकरणीने तो घेतला, बोटं हाडावर, तोंड मिटलेलं, आणि भरलेला हंडा नेतात तशी सांभाळून आठ पावलं चालत खांबापाशी गेली. तिने पाठ फिरवली त्या आठ पावलांत ऑर्गनवालीने बटण बंद केलं.

विणकरीण वळली. पहिली ओळ उचलली.

ओळ बरोबर होती. नुसती बरोबर नाही, त्या चर्चमध्ये तशी ओळ पंधरा वर्षांत कोणी उचलली नव्हती. दुसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने ठरलेलं विसरून तोंड उघडलं आणि औषधवाल्याने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते मिटून घेतलं. औषधवाल्याने हात वर केला. बावीस तोंडं उघडली, हलली, मिटली, पुन्हा उघडली. काचेच्या टाकीतले मासे जसे. ऑर्गनवालीची बोटं पट्ट्यांवर धावत होती आणि पट्ट्यांचा फक्त कोरडा खटखटाट होत होता.

विणकरीण गात राहिली. आणि दुसऱ्या ओळीपासून तिने जोर लावला. उगाच वाढलेला नव्हे, ठरवून लावलेला जोर. मान ताठ, पाय रोवलेले. लाकूड हाताखाली नव्हतं, सूर धरायला काही नव्हतं. पहिलं कडवं संपेपर्यंत ती अर्ध्या सुराने खाली आली, दुसऱ्यात पार भरकटली. तिसऱ्या कडव्याला जे चाललं होतं त्याला गाणं म्हणायला देवदूतांनीही नकार दिला असता. पहिल्या रांगेतल्या पोरी हसू दाबून लाल झाल्या. कोणी थांबवेना, औषधवाला हात वर-खाली करतच राहिला, बारीक, नेटका, जणू खरंच बावीस जणांकडून गाऊन घेत होता.

तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर भाची शेजारणीकडे जरा कलली आणि ओठ गाण्याच्या शब्दांवरून सुटले. ती म्हणाली, ‘अजून कळलं नाही आत्याला.’

पंधरा मागांपलीकडून मुकादमाच्या टोपाविषयी वाचणाऱ्या बाईसमोर ती हे म्हणाली. आत्याजवळ लहानाची मोठी झालेली पोर, तिला हे माहीत असायला हवं होतं. विणकरणीची नजर तिच्या ओठांवर गेली, तिथून औषधवाल्यावर, तिथून ऑर्गनवर. तेव्हा गाण्याच्या दोन ओळी उरल्या होत्या. तिने त्या दोन्ही म्हटल्या. शेवटचं ‘उंबऱ्याशी’ जितकं लांबवायचं असतं तितकं लांबवलं, आणि मग तोंड मिटलं.

फादर पुढे आले. तिच्यासमोर उभे राहून, ओठ दिसतील असे, हळूहळू म्हणाले, ‘देवाला आवाज नाही, मन पोचतं. त्या दिवशी तुम्ही दाराशी स्वागताला उभ्या राहाल का?’

तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. ऑर्गनवालीकडे बघून म्हणाली, ‘दिवा विझलेला दिसला मला. तुमच्या बटणाचा, लाल. मला वाटलं वीज गेली. म्हणून जोर लावला, बाई. माणसं सुटायला नकोत.’

मग औषधवाला हसला, चांगलं मोकळं हसला, म्हणाला वीज कुठे गेली मावशी, वीज आहे की, आणि भिंतीवरचं बटण दाबून त्याने पंखा सुरू केला. बावीस वह्यांची पानं उडाली. पोरी पानांमागे धावल्या आणि त्या गडबडीत सगळ्यांना हसायची सोय झाली.

वर्धापनदिनाला ती दाराशी उभी होती, छातीला ‘स्वागत’ लिहिलेली फीत. बिशप मोटारीतून उतरले, हसले, आणि आपुलकीने विचारलं, तुम्ही पण गाता का? ती म्हणाली, ‘नाही. मी दार बघते.’

भाचीने पहिली ओळ उचलली आणि सहाशे माणसांनी ती झेलली. खोटं कशाला सांगू, अप्रतिम झालं. एक सूर, एक श्वास, छपराला पंख फुटल्यासारखे. बिशप प्रवचनात म्हणाले की इथे अनेक मुखं आहेत पण आवाज एक आहे, या एकीतच प्रभू राहतो. विणकरणीने ते दारापासून वाचलं, सगळं वाचलं. मग एकमेकांना शांती द्यायची वेळ आली. लोक मुद्दाम मागे येऊन तिचा हात हातात घेऊन गेले, माणसाचं नुकसान केलं की त्याच्याशी फार गोड वागावंसं वाटतं तसे. औषधवालाही आला. दोन्ही हातांत तिचा हात धरला. तिने तो धरू दिला आणि तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे सहाशे जणांना ऐकू जाईल अशा, म्हणाली, ‘भाऊ, तिसऱ्या कडव्याला तुम्ही गातच नव्हता. बिशपांबरोबरची माणसं मोजत होता. चौदा आहेत.’

त्यानंतर ती चर्चमध्ये कधी गायली नाही. येणं सोडलं असतं तर लोकांना बरं वाटलं असतं, पण तिने सोडलं नाही. दर रविवारी पुन्हा तिसऱ्या बाकावर, तोंड मिटून, आणि डोळे मंडळावर. कोण शब्द विसरतो, कोण मधल्या ओळीला जांभई गिळतो, कोणती जाऊ कोणत्या जावेला स्तोत्राच्या आडून काय म्हणते, सगळं तिला दिसायचं, आणि दिसतं हे त्यांना माहीत होतं. मंडळ त्या धाकाने इतकं सुधारलं की दोन वर्षांत दुसऱ्या चर्चची माणसं ऐकायला येऊ लागली.

आणि भाची. भाची सरावाच्या संध्याकाळीच खोलीवर आली होती. समजावू लागली, की फादरांचंच म्हणणं होतं, मी काय करणार. विणकरणीने डोळे मिटले. बहिऱ्या बाईला दार लावून घ्यायला दुसरं काही लागत नाही. भाचीने हात हलवला, खांदा हलवला, रडली. तिने डोळे उघडले नाहीत. पुढची अकरा वर्षं तेच. भाची डबा घेऊन यायची, औषध आणायची, चादरी धुवायची. विणकरीण डबा खायची, औषध घ्यायची, भाचीच्या मुलांशी हसायची. भाची बोलायला लागली की डोळे मिटायची. तू काय पाहिलंस ते सांग तरी, असं भाची कितीतरी वर्षं मिटलेल्या पापण्यांना विचारत राहिली, मग तिने तेही सोडलं. मुलगी वाईट होती असं नाही. तिला खरंच वाटत होतं की आत्याला पहिली ओळसुद्धा कधी येणं शक्य नव्हतं, आणि आपण तिला सहाशे लोकांसमोर होणाऱ्या हशातून वाचवलं. आत्याने उचललेली ओळ तिने कानांनी ऐकली होती, पण तिला तो योगायोग वाटला.

शेवटच्या आजारात ऑर्गनवाली भेटायला गेली. तेव्हा भाची आपल्या घरी गेली होती, खोलीत दोघीच. विणकरीण उशीला टेकून बसली होती, हातांच्या काड्या झालेल्या. इकडचं तिकडचं काही बोलली नाही. विचारलं, ‘पहिली ओळ बरोबर होती ना, बाई?’

ऑर्गनवालीने ओठ नीट ताणून सांगितलं, की बरोबर होती. पूर्ण बरोबर.

विणकरणीने मान हलवली. मग म्हणाली, ‘नऊ दुपारींचं तिला ठाऊक नाही. मी सांगितलं तर वाटेल, म्हातारी जाता जाता आपली बाजू मांडतेय. तुम्ही सांगा. तुम्ही शिकवलीत, तुम्हाला ती खोटं म्हणणार नाही. सांगा आणि इकडे पाठवा तिला. मी डोळे उघडे ठेवीन.’

तो मंगळवार होता. ऑर्गनवाली म्हणाली, उद्या सकाळीच जाते.

बुधवारी सकाळी ती गेलीसुद्धा. भाची सज्जात कपडे वाळत घालत होती. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, आत्याला कालपासून बरं वाटतंय का विचारलं. ऑर्गनवाली म्हणाली, वाटतंय. मग रविवारच्या गाण्यांचं निघालं. परमप्रसादाच्या वेळचं गाणं कोणतं घ्यायचं, दोन कडवी की तीन, यावर दोघी तासभर बोलल्या आणि तीन घ्यायची ठरली. जिन्यापर्यंत भाची सोडायला आली. तिथे ऑर्गनवाली थांबली, चष्मा पुसला, आणि नऊ दुपारींचं सांगायचं तर बटणाचंही सांगावं लागेल, ते ठाऊक असून बंद केलं हेही सांगावं लागेल, असा विचार करून गुरुवारी येऊ म्हणून उतरली. गुरुवारी शाळेतल्या जुन्या मैत्रिणी आल्या होत्या. शुक्रवारी तिला जिना चढवला नाही. पाय बरे होते.

शेजारीण सांगत होती, की त्या चार दिवसांत विणकरणीने झोपायलाही पापणी टेकवली नाही, सारखी दोरीच्या चिंधीकडे बघत होती, आणि भाची डबा घेऊन आली की तिच्या तोंडाकडे टक लावून बघायची. भाची मात्र काही बोलायची नाही. अकरा वर्षांत तिची सवय मोडली होती. डबा ठेवायची, चादर नीट करायची आणि जायची.

शनिवारी दुपारी सगळं संपलं. दफनाच्या मिस्सेला मंडळ पूर्ण होतं, पहिली ओळ भाचीने उचलली, ऑर्गन ऑर्गनवालीने वाजवला. त्यालाही आता वर्ष झालं. भाचीचं घर ऑर्गनवालीच्या घरापासून चार दारं सोडून आहे, जिन्याला अठरा पायऱ्या आहेत, आणि निरोप अजून सांगायचा राहिला आहे.